वर्गणी थांबवा, तरतूद मागा

सरकारी शाळेतल्या पालकसभेला एक ठरलेलं वळण असतं. संगणक बंद पडलेले असतात, ग्रंथालयाची पुस्तकं खोक्यांत पडून असतात, चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाल्यापासून ते पद रिकामंच असतं. मुख्याध्यापक सांगतात, वरून पैसे येत नाहीत. मग एखादा धडाडीचा पालक उठून म्हणतो, "जाऊ द्या हो, आपणच वर्गणी काढू." टाळ्या पडतात. थोड्याच दिवसांत संगणक येतात, कपाट येतं, चित्रकलेला मानधनावर कुणीतरी मिळतं. सगळे खूश. मला मात्र या टाळ्यांची भीती वाटते. सरकारच्या अंगावरचं एक काम पालकांनी त्या क्षणी आपल्या अंगावर ओढून घेतलेलं असतं, आणि तेही पुढे येणाऱ्या पालकांना न विचारता.

वर्गणी देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला काडीचीही शंका नाही. मुलाच्या शाळेची वर्षं मोजकी असतात आणि धोरण बदलेपर्यंत ते मूल शाळेबाहेर पडलेलं असेल, ही तगमग खरी आहे. पण त्या वर्गणीचं पुढे काय होतं ते पाहा. मानधनावर आलेली शिक्षिका कोणत्याही मंजूर पदावर नसते. तिचा पगार कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, त्यामुळे पद रिकामं आहे हेही कुणाला दिसत नाही. वर्ग चालू आहे, तक्रार नाही, म्हणजे गरज नाही. अंदाजपत्रक करणाऱ्या अधिकाऱ्याकडे चहूकडून ओरड चालू असते. जिथून ओरड येत नाही तिथे तो पैसे कशाला पाठवील? काही वर्षांनी धडाडीच्या पालकांची मुलं शाळा सोडतात, वर्गणी आटते, शिक्षिका जाते. तेव्हा नव्या पालकांनी मागणी करायची म्हटली तर उत्तर तयार असतं: इतकी वर्षं चाललंच होतं की!

आणि शेजारच्या वस्तीतल्या शाळेचं काय? तिथले पालकही सभेला येतात, तिथेही संगणक बंद असतात. फक्त वर्गणी काढायचा प्रस्ताव मांडायची कुणाची छाती होत नाही.

पालकांच्या खिशाला व्यवस्थेतच अधिकृत जागा दिली की काय होतं, याचा मोठा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला आहे. वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९६ मध्ये तिथे शालेय कायदा झाला. प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन मंडळ मिळालं आणि त्यात पालकांचं बहुमत राहील अशी रचना झाली. शुल्क घ्यायचं की नाही आणि किती, हेही पालकांनीच सभेत बहुमताने ठरवायचं. सरकारी पैशाला जोड मिळवून देणं हे तर मंडळाचं कर्तव्यच ठरवलं गेलं. यामागचा विचार वरवर पाहता शहाणपणाचा होता: सुस्थितीतली कुटुंबं सरकारी शाळांतच टिकतील, त्यांचा भार ती स्वतः उचलतील आणि वाचलेला पैसा गरीब शाळांकडे वळवता येईल. त्यातला पहिला भाग बराचसा साधला. पण पूर्वी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपनगरी शाळा भरघोस शुल्काच्या जोरावर स्वतःचे जादा शिक्षक नेमू लागल्या, वर्ग लहान ठेवू लागल्या, आणि टाउनशिपमधल्या (वर्णभेदाच्या काळात काळ्यांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्यांतल्या) व खेड्यांतल्या शाळा त्याच कायद्याखाली, तितकेच अधिकार असलेल्या मंडळांसह, मागेच राहिल्या. अधिकार सारखे होते, खिसे सारखे नव्हते. २००७ पासून सर्वांत गरीब भागांतल्या शाळा शुल्कमुक्त कराव्या लागल्या. तरीही २०१२ मध्ये लिम्पोपो प्रांतात शैक्षणिक वर्षाचे कित्येक महिने उलटून गेले, तरी पाठ्यपुस्तकं पोहोचली नव्हती आणि त्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा लागला. ते काम कुठल्याही पालकसभेच्या ठरावाने होण्यासारखं नव्हतं.

चिलीची गोष्ट याच वळणाची. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खासगी शाळांना १९९३ मध्ये पालकांकडूनही वरचे पैसे घेण्याची सोय मोठ्या प्रमाणावर करून दिली गेली. सरकार थोडं देईल, पालक थोडं देतील, असा समंजस हिशेब होता. झालं असं की कोण किती वरचे पैसे देऊ शकतं यावर मुलांची प्रतवारी लागत गेली. २००६ आणि २०११ मध्ये विद्यार्थ्यांनी रस्ते भरून टाकले, आणि अखेर २०१५ च्या कायद्याने ही वरची आकारणी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. जी गोष्ट 'लोकसहभाग' म्हणून सुरू झाली, ती मोडायला वीस वर्षं आणि दोन आंदोलनं लागली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लोक म्हणतात, ज्या पालकांना तळमळ आहे ते करतात, बाकीचे करत नाहीत; शाळेची स्थिती हा शेवटी तळमळीचा आरसा आहे. या आक्षेपाला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातले आकडेच उत्तर देतात. अमेरिकेत शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. एजवूड हा सॅन अँटोनियोतला गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचा शालेय जिल्हा, म्हणजे आपल्या शाळा चालवणारा आणि त्यांच्यासाठी कर बसवणारा शहराचा एक भाग. १९६७-६८ मध्ये तिथे शंभर डॉलर मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर होता. त्याच शहरातल्या सधन अलामो हाइट्समध्ये कराचा दर होता ०.८५ डॉलर. म्हणजे एजवूडचे लोक स्वतःवर जास्त कर लादून घेत होते. त्या करातून एजवूडला एका मुलामागे २६ डॉलर मिळायचे, अलामो हाइट्सला ३३३. राज्य आणि केंद्राची मदत धरूनही एका मुलावरचा खर्च ३५६ विरुद्ध ५९४ असाच राहायचा. तळमळ करात मोजायची ठरवली तर एजवूड पुढे होतं. मागे होती ती तिथल्या घरांची किंमत.

एजवूडमधल्या मुलांनी १९६८ मध्ये शाळेतून बाहेर पडून निदर्शनं केली आणि त्याच वर्षी तिथल्या पालकांनी खटला भरला. खटल्याला नाव मिळालं डिमेट्रिओ रॉड्रिग्ज यांचं. ते हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारे कामगार होते. खालच्या न्यायालयात पालक जिंकले. पण २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल फिरवला: अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, आणि काही शाळांना कमी पैसा मिळतो एवढ्यावरून घटनाभंग होत नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी दीर्घ विरोधी मत लिहिलं, पण एक मत कमीच पडलं. टेक्सासच्या राज्य न्यायालयातून एजवूडच्या बाजूने निकाल यायला १९८९ उजाडलं. तोवर रॉड्रिग्ज यांची मुलं केव्हाच मोठी झाली होती.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो याच कारणासाठी. ज्या निकालाचा आपल्या मुलाला उपयोग होणार नाही, त्यासाठी ते लढत राहिले. वर्गणीत आणि मागणीत हाच मूळ फरक आहे. वर्गणी आपल्या मुलाच्या वर्गापर्यंत जाऊन थांबते. मागणी कायद्यात किंवा अंदाजपत्रकात उतरली की जी मुलं आपण कधी पाहिलीही नाहीत त्यांनाही ती लागू होते.

"पैसा ओतून शाळा सुधारत नाही" हा दुसरा लोकप्रिय आक्षेप. त्याचं मूळ बहुधा १९६६ च्या कोलमन अहवालात सापडतं. मुलांच्या यशात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा, असं त्या सरकारी पाहणीत दिसलं, आणि तेव्हापासून खर्च कापणाऱ्या प्रत्येकाला एक शास्त्रीय सबब मिळाली. घराचा प्रभाव मोठा असतो हे कोण नाकारेल? पण त्यातून शाळेला पैसा लागत नाही हा निष्कर्ष निघत नाही. अशा खटल्यांमुळे ज्या जिल्ह्यांचा निधी वाढला तिथल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेची बाराही वर्षं दर मुलामागचा खर्च दहा टक्क्यांनी जास्त राहिला, तर मुलं सरासरी ०.३१ वर्ष जास्त शिकली आणि पुढे त्यांची कमाई सुमारे सात टक्क्यांनी जास्त राहिली. गरीब घरांतल्या मुलांवर परिणाम सर्वांत ठळक होता. आणि तो पैसा गेला कुठे? शिक्षकांच्या पगारात, लहान वर्गांत, शाळेच्या जास्त दिवसांत. रंगरंगोटीत आणि उद्घाटनाच्या फलकांत गेलेल्या पैशाने असा परिणाम होईल असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. म्हणून तर पालकांनी नुसते 'जास्त पैसे द्या' असं न म्हणता कशासाठी द्या हेही सांगायला हवं.

यात एक मेख आहे. कपात करायची वेळ आली की कुऱ्हाड नेहमी ठरावीक ठिकाणीच पडते: संगीत, चित्रकला, खेळ, ग्रंथपाल, समुपदेशक. गणिताच्या शिक्षकाचं पद सहसा कुणी रद्द करत नाही, कारण गणिताची परीक्षा असते आणि निकाल छापून येतो. ग्रंथपाल गेल्याने कुठल्या निकालपत्रकातला आकडा खाली येतो? या विषयांमागे कायद्याचं बळ नसतं आणि त्यांचा तोटा लगेच मोजता येत नाही.

कायद्याचं बळ मिळाल्यावर काय होतं हेही पालकांनीच दाखवलं आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी शाळा सरळ नाकारत असत. १९७१ मध्ये त्यांच्या पालकांच्या संघटनेने राज्याला न्यायालयात खेचलं आणि प्रत्येक मुलाला शिक्षण द्यायचं राज्याकडून कबूल करून घेतलं. चार वर्षांत देशभरासाठी कायदा आला. त्या कायद्यातच नोंद आहे की तोवर दहा लाख अपंग मुलं सरकारी शाळांबाहेर होती. या पालकांनीही सुरुवात आपल्या घरापासूनच केली होती. पण आपल्या मुलासाठी वेगळी सोय त्यांनी मागितली नाही, अशा प्रत्येक मुलाचा हक्क मागितला. गंमत अशी की याच कायद्यात या शिक्षणाच्या वाढीव खर्चाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र उचलेल असं म्हटलं होतं, आणि तो आकडा आजपर्यंत एकदाही गाठला गेलेला नाही. हक्क लिहून घेतला, पैसे लिहून घ्यायचे राहिले. जगभरच्या शिक्षणहक्काच्या कायद्यांची ही जुनीच कथा आहे.

न्यायालयावर फार विसंबूनही चालत नाही. वॉशिंग्टन राज्यात दोन कुटुंबांनी इतरांच्या साथीने २००७ मध्ये दावा लावला, २०१२ मध्ये ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले, आणि विधिमंडळाने तरीही चालढकल केली. २०१५ मध्ये न्यायालयाने राज्याला रोज एक लाख डॉलर दंड लावला. प्रकरण मिटलं २०१८ मध्ये. दावा लावला त्या वर्षी पहिलीत असलेलं मूल तोवर शाळा संपवायच्या बेतात आलं होतं. न्यायाधीश आदेश देऊ शकतात. कर बसवणं आणि पैसा वाटणं त्यांच्या हाती नसतं.

अमेरिकेतल्याच केंटकी राज्यात मात्र वेगळं घडलं, आणि या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी हीच आहे. तिथेही खटला होताच. ६६ गरीब शालेय जिल्हे वादी होते, आणि जून १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अख्खी शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. पण त्याच्या आधी काही वर्षं पालक आणि नागरिक राज्यभर सभा भरवत होते. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच रात्री गावोगावी भरलेल्या सभांना हजारो लोक आले. त्यामुळे निकाल आला तेव्हा जमीन नांगरून तयार होती. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने सुधारणा कायदा केला आणि त्याच्या खर्चासाठी विक्रीकर पाचावरून सहा टक्क्यांवर नेला. हा कर पालकांना लागला तसा मुलं नसलेल्यांनाही लागला.

आपल्याकडच्या चर्चेत मला खटकतं ते हेच. चांगली शाळा सगळ्यांना हवी असते, पण तिचा खर्च कुठून यावा हा प्रश्न निघाला की सभा संपते. खासगी शाळेचं शुल्क भरताना कुरकुरत का होईना आपण भरतो. तेवढ्याच रकमेचा काही भाग करातून गेला तर मात्र लूट वाटते. शिवाय ज्यांचा आवाज वरपर्यंत पोहोचतो ती कुटुंबं सरकारी शाळा सोडून गेली की मागणी करायला उरतात ते रोजंदारी बुडवून सभेला येणारे पालक. त्यांच्या रिकाम्या खुर्च्या पाहून शिक्षक म्हणतात, इथल्या पालकांना आस्थाच नाही. सभा दुपारी तीनला ठेवायची आणि आस्था मोजायची, याला काय म्हणावं?

आणि सगळे पालक एकमुखी असतात असंही नाही. कॅलिफोर्नियात सांता मोनिका-मालिबू जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाने २०११ मध्ये ठरवलं की शाळाशाळांतून गोळा होणाऱ्या देणग्या एकत्र करून साऱ्या जिल्ह्यात वाटायच्या. त्यावर सधन मालिबूतल्या पालकांनी एवढी नाराजी धरली की वेगळा जिल्हा मागण्याच्या चळवळीला त्यातून बळ मिळालं. देणगी द्यायला ते तयार होते, ती दुसऱ्याच्या मुलाकडे जायला नको होती. पालक म्हणजे आपोआप सार्वजनिक हिताचा पहारेकरी, या समजुतीत फार अर्थ नाही. पालकांचा दबाव एकेका शाळेपुरता संघटित झाला तर तो विषमता वाढवतो. सगळ्या शाळांचा मिळून झाला तरच तिला आळा बसतो.

मराठी वाचकाला यासाठी परदेशातच पाहायला हवं असं नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन मुळात पैशाच्या हिशेबाचं निवेदन आहे. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी रोखठोक मांडलं. निदान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं आणि प्राथमिक शिक्षकांच्या पगाराचीही बाजू घेतली. पुढे गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शिक्षणविषयक कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचं उद्दिष्ट दिलं. त्यानंतरच्या प्रत्येक राष्ट्रीय शिक्षण धोरणाने, अगदी २०२० च्याही, ते पुन्हा घोकलं. गाठलं कुणीच नाही, आणि न गाठल्याबद्दल कुणाचं सरकारही पडलं नाही.

पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात एक हत्यार पडून आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कलम २२ फारसं कुणी वाचत नाही. समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाला तोच आराखडा आधार असेल, असं तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे पैशाची मागणी खालून वर जावी असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात आधी अनुदान ठरतं आणि मग त्यात बसेल एवढा आराखडा मुख्याध्यापक रात्री बसून पुरा करतात. समिती सह्या करते.

तेव्हा धडाडीच्या त्या पालकाला माझी सूचना अशी. वर्गणीची वही बाजूला ठेवा आणि आराखड्याची प्रत मागा. रिकामं पद, बंद संगणक, नसलेला ग्रंथपाल, प्रत्येकासमोर खरी रक्कम लिहा. अनुदानात बसते ती नको, लागते ती. तातडीची गळती असेल, मुलांच्या डोक्यावर छप्पर पडत असेल, तर जरूर पैसे काढा, पण तो खर्च सरकारकडची थकबाकी म्हणून त्याच आराखड्यात नोंदवा. मग शेजारच्या शाळेचा आराखडा मागा, आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे. बेरीज करा. मंजूर रक्कम तिच्याखाली लिहून वजाबाकी करा आणि ती अंदाजपत्रक मांडलं जाण्याच्या कित्येक महिने आधी छापा. ते मांडलं गेल्यावर निवेदन देणं म्हणजे हार घालून फोटो काढण्यापुरतंच असतं. ही बेरीज करायला एकाच शाळेचे पालक पुरणार नाहीत, ज्यांची मुलं शाळा सोडून गेली आहेत असेही लागतील. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला मग एवढंच विचारायचं: या वजाबाकीतले किती रुपये तुम्ही आणणार, आणि कुणाच्या करातून?